आधी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवा

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा: "आम्ही गेल्या वर्षी घेतलेल्या घराच्या परसात तरणतलाव आहे. गेला उन्हाळा घर लावण्यातच गेला आणि तलाव जवळजवळ पडूनच राहिला. यंदा ऊन वाढण्याआधी तो हौसेने सजवायचा, असे मी ठरवले आहे. पाण्यावरून दिव्यांच्या माळा, काठाला कुंड्या, आरामखुर्च्या, तरंगणाऱ्या गाद्या अशी माझी यादी तयार आहे. यजमानांचे म्हणणे असे की हाताशी असलेले पैसे आधी कुंपण, नवा पंप आणि तलावाचे झाकण यांवर खर्च करावेत. कुंपण घातले की तलाव पिंजऱ्यात ठेवल्यासारखा दिसेल, असे मला वाटते. धाकटी मुलगी चार वर्षांची आहे, पण ती एकटी तलावाकडे जात नाही. थोरला नऊ वर्षांचा आहे आणि त्याला चांगले पोहता येते. क्लोरीन आम्ही नेमाने टाकतो, त्याचा वासही येतो, म्हणजे पाणी स्वच्छच असणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पाण्यात उतरणार नाहीत, पण त्यांनाही बाहेर येऊन बसावेसे वाटावे अशी माझी इच्छा आहे. दोन याद्यांपैकी कोणती आधी घ्यावी, यावरून घरात रोज वाद होतो. तुम्हीच सांगा."

प्रिय भगिनी,

तुमची यादी सौंदर्याची आणि यजमानांची यादी काळजीची, असे तुम्ही दोघांनीही गृहीत धरले आहे आणि वादाचे मूळ तिथेच आहे. मला ही विभागणी मान्य नाही. तुमच्या यादीतल्या काही वस्तू तलाव सुंदर करणार नाहीत आणि यजमानांच्या यादीतल्या काही वस्तूंची आज गरज नसेल. म्हणून दोन्ही याद्या काही दिवस बाजूला ठेवून एक साधी गोष्ट करा. घरातली एक खुर्ची परसात न्या आणि मुले ज्या वेळी पाण्यात असतील त्या वेळी, म्हणजे एकदा सकाळी आणि एकदा उन्हे कलल्यावर, ती तलावाभोवती फिरवून प्रत्येक बाजूला थोडा वेळ बसून पाहा. सूर्य समोर असेल तर पाण्यावर नुसती चकाकी दिसते आणि तळ अजिबात दिसत नाही. सूर्य पाठीशी असेल तर त्याच पाण्यातून फरशीचे सांधेसुद्धा दिसतात. चारही कोपरे, पायऱ्यांच्या खालची जागा आणि सर्वांत खोल भाग एकाच नजरेत येईल, अशी जागा सापडली की ती मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसाची. बाकीची सगळी मांडणी या जागेपासून सुरू करा. सावली इथे हवी, चांगली आसने इथे हवीत, आणि इथून पाण्याकडे जाणारी नजर अडेल अशी कुंडी, छत्रीचा दांडा किंवा पडदा मध्ये नको.

मी एवढा आग्रह का धरते आहे, हे समजून घ्या. बुडणारे मूल आपल्याला वाटते तसे हातपाय आपटत हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी असताना त्याला श्वास घेणेच कठीण जाते, मग ओरडणार कसे? ते आवाज न करता खाली जाते आणि दोन हातांवर गप्पा मारत बसलेल्यांनाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांत जवळपास एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. तुमची धाकटी नेमकी याच वयाची आहे.

"ती एकटी तलावाकडे जात नाही" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ते आजपर्यंत खरे असेल, परंतु आजपर्यंत त्या तलावात रंगीत गाद्या आणि खेळणी तरंगत नव्हती. चार वर्षांच्या मुलाचे कुतूहल एका दिवसात बदलते. लहान मुले बुडण्याच्या कितीतरी घटना पोहण्याच्या वेळी घडत नाहीत. मूल घरात झोपले आहे किंवा आजीजवळ आहे, असे सगळे धरून चालतात, त्या काही मिनिटांत त्या घडतात. पाहणारे डोळे पाण्यावर नसतात त्या वेळेसाठीच कुंपण असते. म्हणून या एका बाबतीत मी निःसंदिग्धपणे यजमानांच्या बाजूने आहे: घरात लहान मूल असताना कुंपणाआधी सजावटीची एकही वस्तू घेऊ नका.

मात्र कुंपण म्हणजे पिंजरा, हेही खरे नाही. कुंपण चारही बाजूंनी हवे. घराची भिंत ही चौथी बाजू धरली तर स्वयंपाकघराचे मागचे दार सरळ पाण्यावर उघडते आणि त्या कुंपणाचा अर्थच उरत नाही. उंची किमान १.२ मीटर असावी, दोन उभ्या गजांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावे, फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडावे, सोडल्यावर आपोआप मिटावे आणि कडी साधारण दीड मीटर उंचीवर आपोआप अडकावी. एवढी चौकट सांभाळली की दिसण्याचे सारे निर्णय तुमच्या हातात आहेत. गडद, चकाकी नसलेल्या रंगाचे बारीक उभे गज झाडीच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ दिसेनासे होतात. पांढरे गज मात्र डोळ्यांत भरतात. जाड कडक काचेचे कुंपण आणखी मोकळे दिसते, पण ते वारंवार पुसावे लागते, हे आधीच ध्यानात घ्या. आडव्या पट्ट्यांचे कुंपण छायाचित्रांत फार देखणे वाटते, पण मुलासाठी ती चढायची शिडी होते, म्हणून ते टाळा. त्याच कारणाने कुंपणाला लागून कुंडी, बाक किंवा पेटी ठेवू नका आणि बाहेरच्या बाजूला निदान ९० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. वेलही चढवू नका, कारण त्याने घरातून पाणी दिसणे बंद होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुंपण अगदी काठाला न लावता बसण्याची जागा आत घेऊन थोडे दूर लावा. आत बसणाऱ्याला मग कोंडल्यासारखे वाटत नाही, उलट परसात एक वेगळी खोली तयार झाल्यासारखे वाटते. पक्के कुंपण यंदा झेपणार नसेल तर खांब काढता-घालता येणारे जाळीचे कुंपण मिळते. तेवढ्यावर हा उन्हाळा निभावता येईल.

आता यजमानांची यादीही तपासू. नवा पंप खरोखर लागणार आहे का? तुमच्या तलावाची मापे पत्रात नाहीत, म्हणून उदाहरणादाखल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव धरू. त्यात ४४.८ घनमीटर, म्हणजे ४४,८०० लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे पंपाने तासाला सुमारे ५,६०० लिटर पाणी खेचायला हवे. आहे तो पंप एवढे करत असेल तर तो बदलू नका. फिल्टरवरचा दाबमापक पाहा आणि फिल्टर स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा काटा साधारण अर्धा बार वर गेला की वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन घ्या. बऱ्याच घरांत पंप म्हातारा झाला असे वाटते, तेव्हा फिल्टर तुंबलेला असतो. पुढे पंप बदलण्याची वेळ आलीच तर वेग कमी-जास्त करता येणारा घ्या, कारण पंपाचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती जवळपास आठव्या हिश्शावर येते आणि तो जास्त वेळ चालवूनही वीज वाचते. तळाच्या निचऱ्याची जाळी मात्र आजच पाहा. ती तुटलेली किंवा सैल असेल तर पंपाच्या ओढीने केस, हात किंवा पोहण्याच्या कपड्याची नाडी अडकू शकते. अशा अपघातांनंतर अमेरिकेत २००७ साली खास कायदा करावा लागला होता. जाळी बदलेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये.

झाकणाबद्दल यजमान अर्धे बरोबर आहेत. उघड्या तलावातली बहुतांश उष्णता आणि पुष्कळसे पाणी बाष्पीभवनाने जाते. वर धरलेल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. कडक उन्हात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडाले तरी १६० लिटर होते. बुडबुड्यांचे हलके झाकण हे थांबवते, पाने आत पडू देत नाही आणि क्लोरीनही वाचवते. पण ते सुरक्षेचे झाकण नव्हे. त्यावर पाय ठेवणारे मूल झाकणासकट आत जाते आणि वरून ते दिसतही नाही. म्हणून असे झाकण कुंपणाच्या ऐवजी कधीच धरू नका आणि पोहताना ते अर्धवट न गुंडाळता पूर्ण काढा.

पाण्याच्या वासावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे, तो अगदी उलटा आहे. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घाम, लघवी आणि अंगावरच्या मलमांशी संयोग पावून जे क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा असतो. चांगल्या सांभाळलेल्या पाण्याला जवळजवळ वास नसतो. तेव्हा वास येतो आहे याचा अर्थ क्लोरीन कामात खर्च झाले आहे आणि ते कमी पडते आहे. अंदाजाने टाकणे थांबवा आणि थेंबांची तपासणी पेटी आणा. काठावरचे, वरवरचे पाणी घेऊ नका; फिल्टरचे पाणी जिथून आत येते तिथून दूर, बाटली उलटी धरून हात कोपरापर्यंत बुडवा आणि तिथे ती सुलटी करून भरा. मोकळे क्लोरीन दर लिटरला निदान १ मिलिग्रॅम हवे, आणि क्लोरीन उन्हात टिकवणारे सायन्युरिक आम्ल पाण्यात असेल तर निदान २ मिलिग्रॅम. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. या पीएचकडे लोक दुर्लक्ष करतात, पण पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मे जंतू मारणाऱ्या रूपात असते आणि पीएच ८ झाला की ते पाव हिश्शापर्यंत घसरते. तुम्ही तेवढीच पूड टाकत राहता आणि पाणी मात्र हिरवे होऊ लागते.

किती टाकायचे याचाही हिशोब सोपा आहे. ४४,८०० लिटरमध्ये क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायचे तर सुमारे ४५ ग्रॅम क्लोरीन लागते. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ते ६५ टक्के असेल तर जवळपास ७० ग्रॅम दाणे झाले. ते संध्याकाळी, पंप चालू असताना टाका, कारण सायन्युरिक आम्लाचा आधार नसेल तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन नाहीसे होते. त्या आम्लाचे प्रमाण लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम पुरते. काही क्लोरीन वड्यांमधून ते नकळत साठत जाते आणि फार झाले की क्लोरीनची धार बोथट होते. मग थोडे पाणी बदलण्यावाचून उपाय नसतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू निघतो आणि दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीन रसायने एकमेकांत मिसळली तर आगही लागू शकते, म्हणून प्रत्येकाचा चमचा आणि डबा निराळा ठेवा, आणि तो कुलपात ठेवा. काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातली निचऱ्याची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी पोहणे नाही, हा नियम घरात पक्का करा.

एवढे झाले की तुमच्या हौसेला मोकळे मैदान आहे, आणि माझे मत असे की तलावाची निम्मी सजावट या नितळ पाण्यानेच होऊन गेलेली असेल. दिव्यांच्या माळा पाण्यावरून नेऊ नका. तार सैल झाली, वाऱ्याने तुटली किंवा जोडणी ओलसर झाली तर ओल्या अंगाच्या माणसाला बसणारा विजेचा धक्का प्राणघातक ठरतो. माळा काठापासून निदान साडेतीन मीटर दूर, कुंपणापलीकडच्या झाडांवर किंवा भिंतीवर लावा. मागचा उजेड पाण्यात उतरतो आणि तुम्हाला हवे आहे ते दृश्य तसेच मिळते. जमिनीवर उन्हावर चालणारे छोटे दिवे ठेवा. पाण्यातला दिवा बसवायचा असेल तर तो १२ व्होल्टचा, पाण्यात कायम राहण्यासाठीच बनवलेला असावा आणि त्याचा झोत लक्ष ठेवणाऱ्याच्या डोळ्यांवर न येता उलट दिशेला जावा. हे काम जाणकार वीजतंत्रीकडूनच करून घ्या आणि परसातल्या सगळ्या वीजवाहिनीला ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी आहे, याची खात्री करा. पिवळसर उजेडाकडे पांढऱ्या-निळ्या उजेडापेक्षा किडे कमी येतात, हा एक वेगळा फायदा.

कुंड्या काठापासून दीड मीटरभर मागे ठेवा. कुंडीतून वाहून आलेली खताची माती पाण्यात गेली की त्यातल्या फॉस्फेटवर शेवाळ पोसते. बारीक पानांची सतत झडणारी झाडे, काटेरी झाडे आणि मधमाश्यांना ओढणारी फुले अनवाणी फिरण्याच्या जागेपासून दूरच बरी. दाट, मोठ्या पानांची थोडीच झाडे एकत्र ठेवली तर वीस सुट्या कुंड्यांपेक्षा अधिक शोभा येते आणि स्किमरची, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाची, टोपली रोज उपसावी लागत नाही. पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या या दोन्हींचा शेवट फिल्टरमध्येच होतो. काचेची कोणतीही वस्तू कुंपणाच्या आत नको, कारण पाण्यात फुटलेली काच दिसत नाही आणि ती काढण्यासाठी बहुधा सगळा तलाव उपसावा लागतो.

तरंगणाऱ्या गाद्यांचे प्रमाण एखाददुसरीवर ठेवा. मोठ्या गादीखाली गेलेले मूल वरून दिसत नाही, आणि हवा भरलेली कोणतीही वस्तू जीवरक्षक साधन नव्हे. पोहणे संपले की सगळी खेळणी बाहेर काढून, पुसून, कुंपणापलीकडच्या पेटीत जाऊ द्या. तुम्हाला रंगांची आवड दिसते, तर ती मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांत भागवा: झगझगीत नारिंगी, गुलाबी रंग पाण्याखाली लगेच उठून दिसतात, निळे आणि पांढरे कपडे तळाच्या रंगात विरघळून जातात.

सासूबाईंचा विचार तुम्ही केलात, हे मला तुमच्या पत्रात सर्वांत आवडले. परंतु ज्या सपाट, लांबट आरामखुर्च्या तुम्ही योजल्या आहेत, त्यांवरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताच येत नाही. त्यांच्यासाठी ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची घ्या आणि घराच्या दारापासून तिथपर्यंतची वाट पायरीविना, खरखरीत आणि फिक्या रंगाच्या फरशीची ठेवा. गडद दगड दुपारी पाय भाजतो आणि गुळगुळीत दगड ओला झाला की घसरवतो. पाण्याच्या पायऱ्यांना कठडा बसवलात तर काही दिवसांनी त्या पाय सोडून बसायला स्वतःहून येतीलही. सावलीसाठी ताणलेले कापड छत्रीपेक्षा बरे, कारण त्याचे खांब कुंपणाच्या रेषेत घेता येतात. छत्रीच घेतली तर तिचे बूड जड असावे आणि वारा सुटताच ती मिटावी.

भिंतीवर लाल-पांढरे तरंगते कडे, त्याची दोरी आणि चार-पाच मीटरचा आकडीचा दांडा टांगा. ते दिसायलाही वाईट दिसत नाही. तुम्ही आणि यजमान दोघांनीही छातीदाब आणि कृत्रिम श्वासाचे प्रशिक्षण घ्या. बुडालेल्या माणसाला आधी श्वासाची गरज असते, म्हणून नुसता छातीदाब शिकून भागत नाही. मुले पाण्यात असताना एकच मोठे माणूस पंधरा-वीस मिनिटे फक्त पाण्याकडे पाहील, फोन हातात घेणार नाही, आणि उठताना पाळी दुसऱ्याकडे तोंडाने सांगून देईल. थोरल्याला ही जबाबदारी देऊ नका. त्याला उलट दोन गोष्टी समजावून सांगा: भराभर श्वास घेऊन पाण्याखाली दम धरण्याची पैज लावायची नाही, कारण त्यात कोणतीही सूचना न मिळता शुद्ध हरपते, आणि पाणी २.७ मीटरपेक्षा उथळ असेल तर डोके पुढे करून सूर मारायचा नाही.

ज्यांच्या परसात बांधलेला तलाव नाही, पण उन्हाळ्यापुरता फुगवायचा किंवा चौकटीचा तलाव आहे, त्यांनाही यातले बहुतेक लागू पडते. छोटा असेल तर वापर झाल्याबरोबर रिकामा करून पालथा घालावा, मोठा असेल तर शिडी काढून आत कुलपात ठेवावी, आणि पूर्ण भरलेल्या चौकटीच्या तलावाचे वजन कित्येक टन होते, म्हणून तो गच्चीवर किंवा उतारावर मांडू नये.

तुमच्यासाठी क्रम असा: निचऱ्याची जाळी आणि पाण्याची तपासणी या आठवड्यात, कुंपण त्यानंतर लगेच, वीज तपासून घेणे आणि सावली त्यापाठोपाठ. पंपाचे पैसे वाचले तर ते तुमच्या यादीला द्यावेत, असे यजमानांना माझ्या वतीने सांगा. आणि कुंपणाचे काम करणाऱ्याला पूर्ण पैसे देण्याआधी फाटक एकदा पूर्ण उघडून आणि एकदा केवळ वीतभर उघडून सोडून पाहा. दोन्ही वेळा कोणी हात न लावता कडी अडकली पाहिजे. वीतभरावरून सोडल्यावर ते नुसते टेकून राहत असेल, तर त्याला बिजागरी पुन्हा बसवायला लावा.